वाळलेल्या पंखांचे आकडे

पट्टीचं वजन एकोणचाळीस ग्रॅम भरलं. हाताच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सहसा जी चौकट घालतात ती हिच्या पाचपट जड असते. तिला प्लास्टिकचा साचा असतो, तारा असतात, रबरी दोऱ्या असतात, आणि ती घातलेला माणूस दारातून येतो तेव्हा आधी चौकट येते, मग माणूस. ही पट्टी शर्टाच्या बाहीत मावायची. उजेडात धरली की तिच्यातलं जाळं दिसे: जाड फासळ्या, त्यांना जोडणाऱ्या बारीक फासळ्या, मधले लहानमोठे चौकोन आणि पंचकोन, आणि त्यांच्यावर ताणलेला पारदर्शक पापुद्रा. चतुराचा पंख जवळून पाहिलेल्या कुणालाही ते जाळं ओळखू आलं असतं.

पट्टी बनवणारी अभियंता आणि पट्टी ज्याच्या हातावर पहिल्यांदा बांधली तो रुग्ण, हे मुलगी आणि वडील होते. सहा आठवड्यांनी ती काढली तेव्हा वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी वाकलेली होती. ती पुढे तशीच राहिली.

वडील कीटक संग्रहालयात कामाला होते. अडतीस वर्षं त्यांनी मेलेले किडे फळीवर मांडले: पाय नीट करायचे, पंख पसरायचे, छातीत टाचणी घालायची, खाली चिठ्ठी लावायची. सगळे त्यांना टाचणीमास्तर म्हणत. नोकरी संपली तरी आठवड्यातून तीन दिवस ते जातच होते, कारण चतुरांचे अकरा खण मांडायचे राहिले होते आणि त्यांच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. चतुराचं पोट वाळलं की काडीसारखं तुटतं. टाचणीमास्तरांच्या हातून वर्षाकाठी एखादंच तुटे, आणि त्या दिवशी ते घरी कुणाशी बोलत नसत.

मुलीला पंख हवे होते ते पट्टी बांधण्याच्या आदल्या वर्षी. ती एका साहित्य प्रयोगशाळेत काम करायची. त्यांना हलकं, लवचिक आणि न चिरणारं साहित्य बनवायचं होतं, आणि चतुराच्या पंखात ते तयारच होतं. पंखाला चीर पडली तरी ती पुढच्या शिरेपाशी येऊन थांबते. पंख आधी वाकतो आणि ठरावीक जागी आला की वाकायला नकार देतो. हे सगळं शिरा एकमेकींना जिथे भेटतात त्या सांध्यांवर अवलंबून असतं. शिरेच्या मानाने सांधा किती मऊ, एवढा एक आकडा हाती आला की बाकीचं मोठ्या मापात उतरवता येणार होतं.

ती संग्रहालयाच्या मागच्या खोलीत गेली तेव्हा वडील एका डोळ्याला भिंग लावून बसले होते.

“किती हवेत?”

“चाळीस. सारख्या मापाचे.”

“चाळीस चतुर की चाळीस पंख?”

“पंख.”

“म्हणजे दहा चतुर. भागाकार शिकवला होता मी तुला.”

त्यांनी दुबार नमुन्यांच्या खणातून दहा चतुर काढून कापसावर ठेवले आणि म्हणाले, “घरी नेलेस की आधी दोन दिवस दमट डब्यात ठेव.”

दमट डबा म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. तळाला ओली वाळू, वर जाळी. वाळलेला किडा त्यात दोन दिवस ठेवला की नरम पडतो आणि मग हवा तसा मांडता येतो. हा डबा तिने लहानपणापासून पाहिला होता. बिस्किटांचा समजून एकदा उघडलाही होता.

“बाबा, मला मांडायचे नाहीत. यंत्रात धरून वाकवायचेत.”

“मग तर ठेवच.”

“तुटतील म्हणून?”

“तुटतील ते आहेच. पण वाळल्यावर तो पंख राहत नाही गं. पत्रा होतो. पत्रा वाकवून पंखाचं काय कळणार तुला?”

ती हसली. कारागीर आपल्या हत्यारांबद्दल बोलतात तसं हे बोलणं आहे असं तिला वाटलं. गवंडी म्हणतो विटेला तहान लागते, शिंपी म्हणतो कापड रुसलंय. ऐकायला छान वाटतं, पण नोंदवहीत लिहायचं नसतं. तरी घरी आल्यावर तिने एक चतुर, म्हणजे चार पंख, डब्यात ठेवले. बाकीचे छत्तीस तसेच प्रयोगशाळेत नेले.

यंत्र सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला सगळे काटा म्हणत, कारण यंत्राचा काटा सांगेल त्यापलीकडे त्याचा कशावरच विश्वास नव्हता. छत्तीस वाळके पंख त्याने एकामागून एक चिमट्यात धरले. छत्तीस आलेख जवळजवळ एकावर एक बसले. मग ओले चार घेतले. ते चिमट्यात घसरले, वळले, एक तर सरळ गळून पडला आणि पुन्हा धरावा लागला. आकडे आले ते वाळक्यांच्या चौथ्या हिश्श्याइतके.

“हे ओले वात्रट आहेत, ताई,” काटा म्हणाला. “वाळके गुणी.”

“घसरल्यामुळे कमी आले असतील.”

“असतीलच. चिमटा धरत नाही म्हटल्यावर काटा काय करील? बाद लिहू?”

प्रकल्पप्रमुखांना आकडा शुक्रवारी हवा होता, आणि तो दिवस बुधवारचा होता. ताजे चतुर पकडून आणायचे तर हंगाम सरला होता. “लिही,” ती म्हणाली. अहवालाच्या तळटिपेत तिने दोन शब्द टाकले: नमुने कोरडे. ते दोन शब्द कुणी वाचले नाहीत, आणि वाचले असते तरी त्यांचा अर्थ सांगायला टाचणीमास्तरच लागले असते.

त्या आकड्यावरून पट्टी बनली, आणि पुढच्या वर्षी वडिलांना अपघात झाला. अपघात साधा होता. वडील खण बाहेर ओढत होते, वरची काच निसटली, आणि चतुरांवर पडू नये म्हणून त्यांनी ती तळहातावर झेलली. चतुर वाचले. तर्जनी आणि मधल्या बोटाला वाकवणारे स्नायुबंध तुटले.

डॉक्टरांनी ते शिवले. शिवण उत्तम झाली होती, असं ते नंतरही म्हणत राहिले. पण अशा हाताचं अर्धं काम शिवणीनंतर असतं. बोटं वाकलेल्या स्थितीत जपायची. दर तासाला दहा वेळा ती पट्टीविरुद्ध हळूच उघडायची आणि सोडून द्यायची. उघडली नाहीत तर शिवलेला बंध आजूबाजूच्या मांसाला चिकटतो, सांधे आखडतात, आणि बोट जिथे आहे तिथेच अडकतं. हे सगळं पहिल्या पाच-सहा आठवड्यांत ठरतं.

हातांचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्ट बाई तारांची चौकट घेऊन आल्या. मुलीने पिशवीतून पट्टी काढली. त्या रुग्णालयाशी प्रयोगशाळेचा करार झालेलाच होता. पहिला रुग्ण तेवढा ठरायचा होता.

बाईंनी पट्टी वाकवून पाहिली. “किती जणांनी घातलीय?”

“अकरा जणांनी. आमच्याच प्रयोगशाळेतल्या.”

“अकरा धडधाकट हातांनी.”

“हो. पण बाई, चौकटीचं काम हीच करते. सुरुवातीला वाकते, शेवटी अडवते. आणि हलकी आहे.”

“हलकं असणं हा हाताचा प्रश्न नाही. पाहणाऱ्याचा आहे.”

खाटेवरून वडील म्हणाले, “मला तिचीच घाला. अख्खं जाळं माझ्या खणातून गेलंय. आणि ती तारांची घातली तर आमच्या घरी टीव्ही दिसायला लागेल स्वच्छ.”

खाटेशेजारी बसलेली आई हसली. बाईसुद्धा हसल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि वडिलांनी डाव्या हाताने, लहान मुलासारख्या अक्षरात, सही केली. तिने फार आग्रह केला नव्हता, असं ती पुढे काही दिवस स्वतःला सांगत राहिली. पण पट्टी पिशवीत घालून तिनेच आणली होती.

पहिल्या आठवड्यात सूज होती, म्हणून कुणी फार अपेक्षा धरली नाही. दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला.

“बोटं उघडत नाहीत त्यांची. पाव उघडतात आणि थांबतात.”

“दुखत असेल.”

“ते म्हणतात दुखत नाही. ते सगळ्यालाच नाही म्हणतात. पट्टी कडक आहे का?”

“आकड्यांप्रमाणे नाही,” ती म्हणाली. “वापराने पट्टीचे सांधे थोडे सैल होतात. आठवडाभर बघू या.”

त्या संध्याकाळी ती घरी गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोजत होती.

“अहो, दहा म्हणजे दहा. तुम्ही चारवर थांबता.”

“मोजायला काय जातंय तुझं? करून बघ.”

“मी करते तेव्हा चौघांचा स्वयंपाक होतो. तुमची दोन बोटं उघडत नाहीत.”

मुलीने पट्टी सोडवून घेतली, स्वतःच्या हातावर चढवली आणि बोटं उघडली, मिटली, उघडली. “बघा बाबा. होतंय.”

वडिलांनी पाहिलं. “हो,” ते म्हणाले, “तुझं होतंय.”

“थोडा जोर लावायचा.”

“लावतो ना. हातच म्हातारा झालाय, पट्टीला कशाला बोल लावायचा?” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तिकडे प्रयोगशाळेत काय सांगितलंस? चांगली चाललीय म्हणून सांग. पहिल्याच माणसाने नावं ठेवली तर बंद करतील सगळं.”

तिने तसंच सांगितलं.

चौथ्या आठवड्यात बाईंनी स्पष्ट विचारलं, चौकट घालू का. अजून वेळ आहे, त्या म्हणाल्या, गेलेलं थोडंफार परत आणता येईल. मुलीला सहा आठवड्यांच्या नोंदी पूर्ण हव्या होत्या. चारवर सोडलं तर पहिला रुग्ण मोजलाच जाणार नव्हता. हे तिने बाईंना सांगितलं नाही. तिने आलेख काढून दाखवले, छत्तीस रेघा एकीवर एक. बाईंनी ते बराच वेळ पाहिले.

“आलेखाचा हात बरा दिसतोय,” त्या म्हणाल्या. “मी यांच्या हाताबद्दल बोलतेय.”

“दोन आठवडे द्या.”

“काका, तुमचं काय म्हणणं?”

“ती म्हणते तर दोन आठवडे,” वडील म्हणाले.

बाईंनी त्यांच्या कागदावर तारीख घालून लिहिलं: बदलण्याचा सल्ला दिला, नातेवाइकांनी थांबायला सांगितलं. खाली मुलीची सही घेतली.

सहाव्या आठवड्यानंतर चौकट लावून पाहिली, गरम मेणात हात बुडवला, बोटं एकेक करून ताणली. नवव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले की चिकटलेले बंध सोडवायची आणखी एक शस्त्रक्रिया करता येईल, सहा महिन्यांनंतर, पण या वयात अर्ध्याची हमीसुद्धा ते देणार नाहीत. वडिलांनी विचारलं, टाचणी धरता येईल? डॉक्टरांनी टाचणीचा आकार विचारला. वडिलांनी डाव्या हाताच्या चिमटीत धरून दाखवला. डॉक्टरांनी मान हलवली, आणि वडिलांनी त्यांचे आभार मानले.

दहाव्या आठवड्यात त्यांनी मुलीला संग्रहालयात नेलं. एका खणातले सहा चतुर त्यांनी अपघाताच्या आधी काढून ठेवले होते आणि ते मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. ते सांगणार, ती करणार. दोन दिवस आधी त्यांनी डाव्या हाताने डब्यात ठेवून नरम केले होते.

“चिमट्याने पुढचा पंख उचल. मुळाशी धर, टोकाशी नको.”

तिने उचलला. पंख चिमट्याच्या टोकावर वाकला, जवळजवळ दुमडला, आणि तिने सोडताच सरळ झाला. तिने पुन्हा वाकवला. पुन्हा तेच. वाकताना तो जाळ्यातल्या सांध्यांवर वाकत होता. शिरा तशाच सरळ होत्या. शेजारच्या तबकात एक वाळका पंख होता. तिने तो उचलून वाकवला. तो सगळा एकसारखा कडक लागला, शिरा आणि सांधा असा फरकच त्यात नव्हता, आणि मग तो तुटला.

“अगं, हळू!” वडील म्हणाले.

ती म्हणाली, “बाबा, मला आज जायला हवं.”

प्रयोगशाळेत जुनी नोंदवही होती. बाद म्हणून रेघ मारलेले चार आकडे अजून वाचता येत होते. तिने काट्याला बोलावलं. चिमट्याच्या दातांना रबर लावून, न घसरू देता, त्यांनी दमट पंख नव्याने मोजले. आकडे चौथ्या हिश्श्याचेच आले. वात्रट कुणीच नव्हतं. सांध्यातला रबरासारखा पदार्थ वाळला की दगड होतो. त्या दगडाचा आकडा घेऊन तिने पट्टीचे सांधे बनवले होते. तरुण हाताला ते जाणवत नव्हतं. सुजलेल्या, सदुसष्ट वर्षांच्या हाताला दर तासाला दहा वेळा ते उघडायला सांगितलं होतं.

काट्याने नोंदवही मिटली. मग म्हणाला, “बाद मी लिहिलं, ताई.”

“मी सांगितलं म्हणून लिहिलंस.”

रविवारी दुपारी ती घरी गेली. आई झोपली होती. वडील खिडकीपाशी बसून डाव्या हाताने वर्तमानपत्राचं पान उलटायचा प्रयत्न करत होते. तिने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं: छत्तीस आणि चार, घसरलेला चिमटा, शुक्रवार, तळटीप.

“म्हणजे जोर लावायचा राहिला नव्हता माझा,” ते शेवटी म्हणाले.

“नाही. तुमचा हात ठीक होता. पट्टी चौपट कडक होती.”

“मी समजत होतो की मीच कमी पडतोय. तुझी आई मोजायची आणि मला लाज वाटायची.”

तिने त्यांच्या पुढ्यातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

“दुसऱ्या आठवड्यात मी बोललो असतो तर? की ही उघडतच नाही म्हणून?”

याचं खोटं उत्तर तयार होतं आणि ते कुणाला कळलंही नसतं. तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं एखादी न दिसणारी कडी धरल्यासारखी वाकलेली होती.

“तर बदलली असती,” ती म्हणाली. “बोटं वाचली असती. चौथ्यातही, बहुतेक. पण बाई बोलत होत्याच, बाबा. मी ऐकलं नाही. तुम्ही मला पंख देतानाच सांगितलं होतं.”

“एकदा सांगितलं. दोनदा सांगायला हवं होतं.” ते खिडकीबाहेर बघू लागले. “मला वाटलं, एवढी शिकलेली आहे, तिला माहीत असणार. मी आपला टाचण्या टोचणारा.”

मग त्यांनी विचारलं, “आता काय करणार?”

“लिहिणार. पट्टी कुणाच्याही हातावर बांधू नये म्हणून. चूक काय झाली तेही. उद्या पाठवायचंय.”

“दाखव.”

तिने पिशवीतून अहवाल काढला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पानं तिने उलटली. त्यांना वाचायला वेळ लागत होता. आकड्यांपाशी ते थांबत, मागे जात. दमट डब्याबद्दल तिने एक परिच्छेद लिहिला होता. तिथे त्यांनी एक दुरुस्ती सांगितली: वाळू धुतलेली हवी, नाहीतर बुरशी येते. तिने ती समासात लिहिली.

शेवटच्या पानावर रुग्णाची माहिती होती. नाव नाही, वय, हात कोणता, दुखापत कशी झाली. व्यवसायापुढे तिने लिहिलं होतं: कीटकांची मांडणी.

वडिलांनी डाव्या हाताचं बोट त्या ओळीवर ठेवलं.

“हे बदल,” ते म्हणाले.

“काय लिहू?”

“निवृत्त.”

तिने पेन उघडलं, जुने शब्द खोडले आणि तो एक शब्द लिहिला. आतल्या खोलीत आई जागी झाल्याचा आवाज आला, आणि तो शब्द तिच्या नजरेला पडण्याआधी वडिलांनी पान मिटायला सांगितलं.